बाहेरच्या देशात शिकायला जायचंय? आधी तिथली शाळा कशी संपते ते बघा

रिझल्टचे दिवस आले की माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "इतक्या टक्क्यांचे त्यांच्याकडे किती होतात?" घरातल्या आणि ओळखीतल्या मुलांचे परदेशी युनिव्हर्सिट्यांचे फॉर्म भरायला शेजारी बसून बसून हा विषय मला थोडाफार कळायला लागलाय, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. त्याच्या आधी तीन गोष्टी शोधायच्या: त्या देशात प्रवेश नक्की कोण देतं, तुमच्याकडचं सर्टिफिकेट तिथे "शाळा पूर्ण" म्हणून धरतात का, आणि तुमचे विषय त्या कोर्सला चालतात का. ह्या तिन्हींची उत्तरं मिळाली की मार्कांचं गणित अर्ध्या तासाचं काम आहे, पण ती नसताना कितीही कॅल्क्युलेटर बडवा, हातात काही लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रवेश कोण देतं

जगभरातले देश ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत. काही ठिकाणी शाळा संपल्याचं सर्टिफिकेट हाच प्रवेशाचा हक्क असतो, काही ठिकाणी सर्टिफिकेट फक्त परीक्षेला बसायची पात्रता असते आणि खरा निकाल वेगळ्या प्रवेश परीक्षेत लागतो, आणि काही ठिकाणी कॉलेजच तुमची सगळी फाईल वाचून ठरवतं. ज्या देशात जायचंय तो कशात बसतो हे आधी कागदावर लिहून काढा, कारण तयारी पूर्ण वेगळी करावी लागते. तीन प्रकारच्या देशांत एकाच पद्धतीने अर्ज करणारी मुलं मी बघितली आहेत आणि त्यांची खूप मेहनत वाया जाते, ते बघवत नाही.

सर्टिफिकेट म्हणजेच हक्क, ह्याचं मोठं उदाहरण जर्मनी. तिथली शाळेची शेवटची परीक्षा आबिटुर, प्रशियात १७८८ साली सुरू झाली आणि आजही तिचा अर्थ तोच आहे, ज्याच्याकडे आबिटुर त्याला युनिव्हर्सिटीत शिकायचा हक्क. एकूण ९०० पॉइंट, त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांतल्या शाळेतल्या कामाचे आणि ३०० शेवटच्या परीक्षांचे, पास व्हायला ३०० लागतात. मग त्या पॉइंटांचा एक ग्रेड होतो, आणि इथे सगळे फसतात, कारण १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथे जीपीए (ग्रेडची सरासरी) ४.० म्हणजे टॉपर. दोन्ही देशांचे फॉर्म एकाच आठवड्यात भरत असाल तर हे भिंतीवर लिहून ठेवा.

जर्मनीत मेडिसिनसारख्या कोर्सना जागांपेक्षा मुलं जास्त येतात म्हणून नुमेरुस क्लाउझुस असतो, सगळे त्याला एनसी म्हणतात. लोकांना वाटतं की एनसी म्हणजे युनिव्हर्सिटीने आधी जाहीर केलेला कटऑफ, तसं नाहीये. मागच्या वेळी शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली त्याचा ग्रेड म्हणजे एनसी, म्हणजे तो फक्त मागच्या वर्षीचा अंदाज आहे, ह्या वर्षी वर जाईल किंवा खाली येईल. म्हणून एनसी १.८ बघून १.९ वाल्याने अर्जच न करणं हा शुद्ध तोटा.

फ्रान्सची बाकालोरेआ, बोलताना सगळे बाक म्हणतात, ती १८०८ पासूनची, नेपोलियनच्या काळातली. मार्क २० पैकी, पास १० ला, ८ ते १० च्या मधे अडकलात तर तोंडी परीक्षा देऊन वर यायची एक संधी मिळते. १२ ला, १४ ला आणि १६ ला वेगवेगळे शेरे मिळतात आणि १६ म्हणजे "फार छान". आता २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के, ठीकठाकच की, असं बाहेरच्या माणसाला वाटतं, पण तिकडचे मास्तर मार्क देताना हात इतका आखडता घेतात की १४ वर खरंच कौतुक होतं. २०२१ पासून ह्यातले ४० टक्के मार्क वर्षभरातल्या कामाचे आणि ६० टक्के शेवटच्या परीक्षांचे आहेत, त्यात चार तासांचा तत्त्वज्ञानाचा पेपर आणि "ग्रांद ओराल" नावाची मोठी तोंडी परीक्षा. प्रवेश मात्र २०१८ पासून पार्कूरस्यूप नावाच्या सरकारी पोर्टलवरून होतो, तिथे दहापर्यंत इच्छा टाकता येतात. इंजिनीयरिंग आणि मॅनेजमेंटच्या नामवंत ग्रांद एकोल शाळांमधे जायची जुनी वाट मात्र वेगळी आहे, आधी दोन वर्षं प्रेपा नावाचे तयारीचे वर्ग आणि मग स्पर्धा परीक्षा.

नेदरलँड्समधे शाळेच्या तीन वाटा आहेत, त्यातली सहा वर्षांची व्हीडब्ल्यूओ युनिव्हर्सिटीकडे जाते, पाच वर्षांची हावो उपयोजित शिक्षणाच्या कॉलेजकडे. मार्क १० पैकी, अर्धा भाग शाळेच्या परीक्षेचा आणि अर्धा देशपातळीवरच्या परीक्षेचा. पास झालं की घराबाहेर झेंडा लावून त्याच्या काठीला शाळेचं दप्तर लटकवतात, मला ही पद्धत फार गोड वाटते.

पण ज्या देशांत दार उघडं असतं तिथे चाळणी आत लावलेली असते, हे कोणी सांगत नाही. डच युनिव्हर्सिट्यांमधे पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट नाही मिळवले तर कोर्स सोडावा लागतो, स्वित्झर्लंडमधे मातुरा (तिथली शाळा संपल्याची परीक्षा) असली की झुरिकच्या ईटीएच ह्या तंत्रज्ञानाच्या युनिव्हर्सिटीला प्रवेश मिळतो पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेत बरेच जण गळतात, अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसच्या सरकारी युनिव्हर्सिटीला प्रवेश परीक्षाच नाही पण आधी सगळ्यांना सीबीसी नावाचा पायाभूत टप्पा पार करावा लागतो. त्यामुळे अशा देशांबद्दल "प्रवेश मिळेल का" च्या जोडीला "पहिलं वर्ष किती जण पार करतात" हे तिथल्या सीनियरना विचारा, तेच जास्त खरं उत्तर असतं.

दुसरा प्रकार, सगळं एका परीक्षेवर

ह्यात सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे चीनची गाओकाओ. १९५२ ला सुरू झाली, १९६६ ला सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाली तेव्हा दहा-अकरा वर्षं थांबलेली पोरं, बापे, बायका असे सुमारे ५७ लाख लोक बसले आणि जागा मिळाल्या सुमारे २ लाख ७० हजार जणांना. ते वाचलं की आजही अंगावर काटा येतो. २०२४ ला नावनोंदणी १ कोटी ३४ लाखांच्या घरात होती. परीक्षा ७ जूनला सुरू होते, बहुतेक प्रांतांत एकूण ७५० मार्क, चिनी, गणित आणि परदेशी भाषा प्रत्येकी १५० आणि बाकीचे ३०० निवडलेल्या विषयांचे. जागा प्रांतानुसार वाटलेल्या असतात म्हणून तेवढ्याच मार्कांवर एका प्रांतातल्या मुलाला मिळतं आणि दुसऱ्याला नाही मिळत.

दक्षिण कोरियाची सुनुंग नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी असते, ऑफिसं उशिरा उघडतात, मुलांना ट्रॅफिक लागू नये म्हणून, आणि इंग्रजीचा ऐकण्याचा भाग चालू असताना अर्धा तास-पस्तीस मिनिटं देशभरात विमानांची ये-जा थांबवतात. तुर्कस्तानात वायकेएस, दोन मुख्य टप्पे, पहिला सगळ्यांना कॉमन आणि दुसरा विषयांचा, चार चुकीच्या उत्तरांमागे एक बरोबर उत्तर कापलं जातं. ब्राझीलमधे पूर्वी प्रत्येक युनिव्हर्सिटीची आपापली वेस्टिब्युलार (प्रवेश परीक्षा) असायची, १९९८ ला एनेम ही देशपातळीवरची परीक्षा आली आणि २०१० पासून सिसू ह्या पोर्टलवर एनेमच्या मार्कांवर सरकारी युनिव्हर्सिट्यांत जागा मिळायला लागल्या. एनेम नोव्हेंबरमधे, निबंध एकटा १००० मार्कांचा, म्हणून तिकडची मुलं वर्षभर निबंधच लिहीत असतात. साओ पावलो युनिव्हर्सिटीने स्वतःची फुवेस्ट परीक्षा अजून चालू ठेवलीये.

जपानमधे दोन पायऱ्या आहेत. जानेवारीच्या मधल्या शनिवार-रविवारी कॉमन टेस्ट, ही २०२१ पासून ह्या नावाने, त्याआधी १९९० पासून सेंटर टेस्ट होती. मग फेब्रुवारीच्या शेवटी सरकारी युनिव्हर्सिट्यांची स्वतःची परीक्षा. नाही जमलं तर वर्षभर थांबून परत बसणाऱ्यांना रोनिन म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई.

आता ह्या सगळ्या वर्णनातून तुमच्या कामाची गोष्ट: ह्यातल्या बहुतेक परीक्षा तिथल्या मुलांसाठी आहेत, बाहेरून येणाऱ्यांची वाट सहसा वेगळी असते. चीनमधे परदेशी मुलांना साधारणपणे गाओकाओ द्यावी लागत नाही, शाळेचे मार्क आणि चिनी भाषेची एचएसके वगैरे बघतात. जपानने परदेशी मुलांसाठी ईजेयू ठेवलीये, वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबर. तुर्कस्तानात परदेशी मुलांसाठी यॉस. म्हणून युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवर गेलात की पहिलं "इंटरनॅशनल ॲप्लिकंट" चं पान उघडा, तिथल्या स्थानिक मुलांसाठीची पानं वाचून घाबरून जायचं काही कारण नाही. आणि पात्रता बघताना हेही बघा की ते पासपोर्टवरून ठरवतात की शाळा कुठे झाली त्यावरून, कारण बाहेरच्या देशात राहून तिथल्याच शाळेत शिकलेल्या मुलांचं घोडं नेमकं इथे अडतं.

तिसरा प्रकार, फाईल वाचून ठरवणारे

अमेरिकेत देशपातळीवरची शाळा संपल्याची परीक्षाच नाहीये. हायस्कूल डिप्लोमा शाळा देते, आणि प्रत्येक कॉलेज चार वर्षांचे ग्रेड, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेरचं काम असं सगळं एकत्र वाचतं. कॉलेज प्रवेशासाठीच्या दोन परीक्षा आहेत, सॅट १९२६ पासून आणि एसीटी १९५९ पासून. सॅट आता पूर्ण कॉम्प्युटरवर, १६०० पैकी, २ तास १४ मिनिटं, आणि पहिल्या भागात कसं केलं त्यावर दुसऱ्या भागाचा पेपर सोपा की अवघड ते ठरतं, म्हणून सुरुवातीला घाई करून चुका करू नका. कोविडनंतर खूप कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली, मग एमआयटीने २०२२ ला परत सक्तीची केली आणि २०२४ ला हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ, कॅलटेक हेही परत आले, तर कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी स्कोर बघतच नाही. म्हणजे "अमेरिकेला सॅट लागते का" ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही, यादीतल्या एकेका कॉलेजचं वेगळं बघायचं आणि त्याच वर्षीचं बघायचं.

अर्ज बहुतेक कॉमन ॲप ह्या सामायिक पोर्टलवरून, २० पर्यंत कॉलेज, मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्द. अर्ली डिसिजन नावाचा पर्याय दिसेल, तो निवडण्याआधी घरच्यांबरोबर नीट बसा, कारण तो बंधनकारक आहे, एकाच कॉलेजला टाकता येतो आणि मिळालं तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. स्कॉलरशिपच्या ऑफर समोरासमोर ठेवून तुलना करायची असेल तर मग तो आपल्यासाठी नाही. त्याच्याशी नावात साम्य असलेला अर्ली ॲक्शन बंधनकारक नसतो, दोन्हींत गल्लत करू नका.

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मधल्या कुठेतरी बसतात. तिथली शाळेची शेवटची परीक्षा ए-लेव्हल १९५१ पासून, मुलं साधारण तीनच विषय घेतात पण खोलात, आणि ए-स्टार हा ग्रेड २०१० ला आला. अर्ज यूकॅस ह्या सामायिक पोर्टलवरून, पाच जागा निवडता येतात, मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि व्हेटर्नरीला त्यातल्या चारच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलवाल्यांची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेकांची जानेवारीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी टाकता येत नाही. निकालाच्या आधीच शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी ग्रेडवर ऑफर येते, तीही अटीची, "ए, ए, बी मिळाले तर जागा तुमची". मग तुम्ही एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (ती हुकली तर राखीव) निवडता, आणि इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा हलकी असेल असंच निवडा, दोन्ही सारख्याच अवघड ठेवून ऑगस्टमधे रडत बसलेली मुलं दरवर्षी असतात. तरी क्लिअरिंग नावाची शेवटची फेरी असते, रिकाम्या जागांची, त्यात फोन उचलून स्वतः बोलायची तयारी हवी. काही कोर्सना वरून परीक्षा असते, मेडिकलला यूकॅट, अनेक नावाजलेल्या ठिकाणी लॉला एलनॅट. पर्सनल स्टेटमेंट २०२६ च्या प्रवेशापासून एक सलग निबंध न राहता तीन प्रश्नांची उत्तरं झालंय, त्यामुळे जुने नमुने बघून लिहायला बसू नका. स्कॉटलंड वेगळं, तिथे शाळेच्या परीक्षा हायर आणि ॲडव्हान्स्ड हायर, आणि डिग्री सहसा चार वर्षांची.

दुसरी आणि तिसरी गोष्ट, वर्षं मोजा आणि विषय बघा

शाळा सगळीकडे बारा वर्षांची नसते. रशियात अकरा, इटलीत तेरा, कॅनडाच्या क्वेबेकमधे अकरा वर्षांनंतर दोन वर्षं सेजेप नावाचं कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटी, फिलिपिन्समधे तर २०१० च्या दशकातल्या सुधारणेआधी दहाच होती. ज्या देशात जायचं तिथल्यापेक्षा तुमची वर्षं कमी भरली, किंवा वर्षं भरली पण दर्जा सारखा नाही धरला, तर मधे एक वर्ष घालायला सांगतात. ब्रिटनमधे त्याला फाउंडेशन इयर म्हणतात, जर्मनीत श्टुडिएनकोलेग, ज्याच्या शेवटी परीक्षा पास झाली की मग जर्मन युनिव्हर्सिटीत प्रवेश. मुलं ह्याला वर्ष वाया गेलं म्हणतात, मला तसं वाटत नाही, त्या वर्षात भाषा पक्की होते आणि नवीन देशात रुळायला वेळ मिळतो.

आपलं सर्टिफिकेट कशात बसतं हे बघायला जर्मनीचा आनाबिन हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, देश निवडा, सर्टिफिकेट शोधा, थेट प्रवेश आहे की कोलेग ते लिहिलेलं असतं. युरोपातल्या बाकी देशांत एनिक-नारिक नावाची सरकारी केंद्रं हेच काम करतात. ह्यामागे १९९७ चा लिस्बन करार आहे, त्याचं तत्त्व असं की दोन सर्टिफिकेटांत मोठा फरक असल्याचं दाखवता येत नसेल तर मान्यता द्यायची, आणि नाकारली तर कारण द्यायचं. म्हणून नकार आला तर गप्प बसू नका, लेखी कारण मागा आणि अपील करता येतं का ते विचारा.

विषयांचं मात्र अपील नसतं, आणि ह्या सगळ्या लेखात मला जर एकाच मुद्द्यावर तुम्हाला थांबवायचं असेल तर तो हा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने सोळाव्या वर्षी गणित सोडलं कारण शाळेत सांगितलं की अर्थशास्त्राला काही अडचण येणार नाही, आणि अठराव्या वर्षी तिला कळलं की तिने मनात धरलेल्या प्रत्येक अर्थशास्त्राच्या कोर्सला गणित सक्तीचं आहे. मार्क उत्तम होते, उपयोग शून्य. त्यामुळे विषय निवडण्याआधीच, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, दोन-तीन देशांतल्या पाच-सहा कोर्सचं "एंट्री रिक्वायरमेंट" चं पान उघडून त्यात कुठले विषय सक्तीचे आहेत ते एका कागदावर लिहा, जे विषय सगळीकडे येतात ते सोडायचे नाहीत. ब्रिटनमधे मेडिकलला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतंच. इंजिनीयरिंगला गणित तर हवंच, पण कुठल्या पातळीचं तेही बघा.

हे आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ह्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांना जास्तच लागू. आयबी १९६८ ला जिनिव्हात सुरू झालं आणि देश बदलत राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना खरंच सोयीचं आहे. सहा विषय, प्रत्येकी ७ पैकी, म्हणजे ४२, आणि ४००० शब्दांचा मोठा निबंध आणि थिअरी ऑफ नॉलेज मिळून ३, एकूण ४५. डिप्लोमाला किमान २४ लागतात आणि इतर काही अटी. पण युनिव्हर्सिट्या नुसते ४५ पैकी किती ते बघत नाहीत, हायर लेव्हलच्या (जास्त खोलात शिकलेल्या) तीन विषयांत किती ते वेगळं बघतात, आणि गणिताचे दोन कोर्स आहेत त्यातला ॲनालिसिस अँड अप्रोचेस हा इंजिनीयरिंगला बऱ्याच ठिकाणी मागतात. जर्मनी तर आयबीच्या विषयांच्या जोडीवरही अटी घालतं, त्यामुळे डिप्लोमा आहे पण जोडी चुकली, असं होऊ शकतं.

आता मार्क

पहिला नियम, स्वतः टक्क्यांत बदलून फॉर्ममधे लिहायचं नाही. जे मूळ मार्कशीटवर आहे तेच, त्याच स्केलवर. बदलायचं काम त्यांचं. तुम्ही फक्त अंदाज यावा म्हणून हिशोब करा.

जर्मनीत परदेशी मार्कांसाठी एक सूत्र बरंच वापरतात, सुधारित बव्हेरियन सूत्र. जास्तीत जास्त मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि पासिंग मार्क ह्यांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. समजा १०० पैकी ८२ आहेत आणि पासिंग ४० ला, तर १८ भागिले ६० गुणिले ३ अधिक १, म्हणजे १.९. आता तेच ८२ पण पासिंग ५० ला असेल तर २.०८. बघा, तेच मार्क पण नुसता पासिंगचा आकडा बदलला तर ग्रेड बदलला. म्हणून तुमच्या बोर्डाची पासिंगची अट अधिकृतपणे छापलेला कागद अर्जाला जोडा, नाहीतर समोरचा माणूस स्वतःच्या समजुतीने आकडा धरेल.

दुसरी फसगत ऑस्ट्रेलियाच्या एटारची, म्हणजे शाळा संपल्यावर युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी मिळणाऱ्या आकड्याची. एटार ९९.९५ पर्यंत असतो आणि दिसतो टक्क्यांसारखा, पण ती रँक आहे. ८० एटार म्हणजे तुम्ही त्या वयाच्या ८० टक्के मुलांच्या पुढे आहात, पेपरात ८० टक्के मिळाले असा अर्थ नाही. त्या वयाची सगळी मुलं मोजतात, शाळा सोडून गेलेलीसुद्धा, म्हणून एटार मिळालेल्यांची सरासरी ५० नसते, ७० च्या आसपास येते. शाळेचं सर्टिफिकेट राज्यानुसार वेगळं, न्यू साउथ वेल्सचं एचएससी, व्हिक्टोरियाचं व्हीसीई, पण एटार देशभर चालतो.

बाकीची स्केल पटकन सांगते. आयर्लंडमधे लीव्हिंग सर्टिफिकेट ह्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेतल्या सहा सगळ्यात चांगल्या विषयांचे पॉइंट धरतात, प्रत्येकी १०० पर्यंत आणि हायर लेव्हल गणित पास झालं तर वर २५, म्हणून कमाल ६२५. स्पेनमधे ६० टक्के शाळेचे, ४० टक्के प्रवेश परीक्षेचे, मिळून १०, आणि ऐच्छिक पेपर देऊन १४ पर्यंत जाता येतं, त्यामुळे १० पैकी १३ असा कटऑफ बघून चक्रावू नका. पोलंडच्या मातुरात सक्तीच्या पेपरांना पास ३० टक्क्यांना. नायजेरियात पश्चिम आफ्रिकी बोर्डाच्या परीक्षेत पाच विषयांत क्रेडिट आणि वरून जॅम्ब ह्या सरकारी संस्थेची ४०० मार्कांची प्रवेश परीक्षा, दोन्ही लागतात. दक्षिण आफ्रिकेत मॅट्रिक पास झालं एवढं पुरत नाही, डिग्रीला जायचं तर "बॅचलर पास" असं त्यावर लिहिलेलं हवं.

नाही जमलं पहिल्यांदा तर

हेही आधीच बघून ठेवा, कारण देशादेशांत संधी वेगवेगळ्या आहेत आणि निकालाच्या रात्री डोकं चालत नाही. स्वीडनमधे शाळेचे ग्रेड कमी पडले तर होगस्कूलप्रूव्हेट नावाची परीक्षा आहे, वर्षातून दोनदा, कमाल २.०, आणि जागांचा काही हिस्सा त्या स्कोरवर भरतात, म्हणजे शाळेत मागे पडलेल्यालाही वाट आहे. फिनलंडची शाळा संपल्याची परीक्षा १८५२ ला हेलसिंकी युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा म्हणून सुरू झाली होती, आता ती पूर्ण कॉम्प्युटरवर, वसंत आणि शरद असे दोन हंगाम, विषय विभागून देता येतात आणि पास झालेला पेपरही मार्क सुधारायला परत देता येतो. किती माणुसकीची पद्धत आहे ही! ए-लेव्हल परत देता येतात, पण काही कोर्सना परत दिलेले मार्क चालत नाहीत किंवा वरचा ग्रेड मागतात, ते युनिव्हर्सिटीला मेल करून विचारा.

तारखा आणि कागद

कॅलेंडर उलटं बांधा, वर्ग कधी सुरू होतात तिथून मागे. युरोप आणि उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबर, जपान एप्रिल, कोरिया मार्च, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड फेब्रुवारी-मार्च. आयबीचा मे मधला निकाल जुलैच्या सुरुवातीला, ए-लेव्हलचा ऑगस्टच्या मधे, ऑस्ट्रेलियाचा एटार डिसेंबरात. तुमचा निकाल आणि त्यांची कागद पोचायची तारीख ह्यात किती दिवस उरतात ते मोजा, त्यातच भाषांतर, शिक्के आणि व्हिसा बसवायचाय.

कागदांवर अपोस्टील मागतात, तो कागद खरा असल्याचा, १९६१ च्या हेग कराराचा शिक्का, दोन्ही देश करारात असतील तर वकिलातीच्या फेऱ्या वाचतात. जर्मनी भारत, चीन आणि व्हिएतनाममधल्या मुलांकडून एपीएस नावाचं पडताळणी सर्टिफिकेट मागतं, त्याला वेळ लागतो म्हणून ते सगळ्यात आधी. आयल्ट्स, टोफेलचे स्कोर दोन वर्षंच चालतात, त्यामुळे उत्साहात फार लवकर देऊन ठेवू नका. भाषांतर करताना मूळ ग्रेड आणि विषयाचं नाव तसंच ठेवायला सांगा, भाषांतर करणाऱ्याने समजून घेऊन "सोपं" केलं की तिकडे गोंधळ होतो.

आणि नाव. पासपोर्ट, मार्कशीट, शाळेचा दाखला, भाषेच्या परीक्षेचा स्कोर, सगळीकडे स्पेलिंग आणि नावांचा क्रम एकच हवा. आमच्याच घरातल्या एका मुलाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि स्कोरवर आडनाव शेवटी होतं, दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवण्यात तीन आठवडे गेले. नावात बदल असेल तर शाळा सोडण्याआधीच बोर्डाकडून दुरुस्त करून घ्या, शाळेत असताना ते काम एका अर्जावर होतं. त्याच फेरीत सीलबंद ट्रान्स्क्रिप्टच्या चार-पाच प्रती मागून ठेवा, आणि बोर्डाच्या ऑनलाइन खात्याला शाळेचा ईमेल जोडलेला असेल तर तो बदलून स्वतःचा टाका, कारण शाळेचा ईमेल काही महिन्यांत बंद होतो.